गिअरबॉक्सचं तेल कुणी बदलायचं?

(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत सकाळी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संध्याकाळी गाणी आणि मध्येच ‘ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर आणि गॅस्केट बदलणे’ हे वाचून काहीजणींना ती छापखान्याची चूक वाटली असणार. चहाच्या वेळी एकीनं विचारलंच, "ताई, हे आपलंच आहे ना?" आपलंच आहे. आणि सकाळच्या कायद्यापासून ते फार लांबही नाही. कसं, ते बोलता बोलता येईल.

आधी माझी आणि गाडीची ओळख. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. मी चालते, पण त्या पायात क्लच दाबण्याइतका जोर नाही. एसटीची पायरी किती उंच असते ते तुम्हाला सांगायला नको, आणि मला तर दर आठवड्याला साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर असं फिरावं लागतं. कुणाला धुळ्याच्या कोर्टात न्यायचं, कुणाला जळगावच्या. बरीच वर्षं मी मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर फिरले. पण रात्री घराबाहेर काढलेली बाई, तिची दोन लेकरं आणि कपड्यांचं एक बोचकं स्कूटरवर मावत नाही. म्हणून २०१६ साली जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिच्यात क्लचचं पेडलच नसतं. डाव्या पायानं नुसतं बसून राहायचं, आणि ते त्याला छान जमतं. अशी गाडी लोकांना चैनीची वाटते. माझ्या हिशेबी ती कुबडीच्या जातीची वस्तू आहे.

आता इथे कितीजणी गाडी चालवतात? हात वर करा बरं. चारचाकीवाल्या चार-पाचच दिसतात. आणि स्कूटरवाल्या? बघा, निम्म्याहून जास्त. म्हणजे तुम्ही सगळ्या ऑटोमॅटिकवाल्याच की! गिअर पडतो कुठे, क्लच दाबला कुणी, याचा विचारही न करता तुम्ही रोज बाजार, शाळा, दवाखाना, मीटिंग करता.

या गाड्यांचा इतिहास आपल्या राज्याशी जोडलेला आहे. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली लुना आणली. शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका अशा कितीतरी जणी तिच्यावरून पहिल्यांदा एकट्या बाहेर पडल्या. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की चालू, आणि पायाला काम नाही. नव्वदीत स्कूटी आली, २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा. कंपन्यांना उशिरा का होईना कळलं की बाईही गाडी विकत घेते. मग जाहिरातींत मुली वाऱ्यावर केस सोडून हसायला लागल्या. परवान्यावरसुद्धा ‘विनागिअर’ असा वेगळा शिक्का आला.

पण खरं सांगू? या गाड्या विनागिअर नाहीतच. तुमच्या स्कूटरच्या डाव्या अंगाला जे लांबट झाकण आहे, त्याच्या आत दोन पुल्या आणि एक पट्टा आहे. वेग वाढला की पुढच्या पुलीतले छोटे रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गाडीचा गिअर बदलतो. सगळं आपोआप. मागच्या चाकाजवळ दातेरी चाकांची एक छोटी पेटी असते, आणि तिला स्वतःचं वेगळं तेल लागतं. तेल केवढं? पाण्याचा अर्धा पेलासुद्धा भरणार नाही इतकं. शंभर-सव्वाशे मिलीलिटरच्या आसपास. इंजिनचं तेल बदलतात तेव्हा हे तेल बदललं का, असं कितीजणींनी विचारलंय? एकही हात वर नाही. दोष तुमचा नाही. त्या पेटीत तेल असतं हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. गाडी चालवायला सोपी करून आपल्या हातात दिली आणि तिचं झाकण मात्र बंदच ठेवलं. आपल्याला मिळालेल्या बऱ्याच सवलती अशाच असतात.

बायकांना यंत्रातलं कळत नाही, हे वाक्य तर आपण इतकं ऐकलंय की आपल्यातल्याच काहीजणी ते कौतुकानं म्हणतात. "मला बाई त्यातलं काही कळत नाही!" जणू तो एखादा दागिना आहे. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई, मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. शंभर किलोमीटरच्या वर. इतक्या लांबचा मोटारीचा तो जगातला पहिला प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून लाकडी ठोकळ्यांवर चामडं मारून घेतलं. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. म्हणजे मोटारीच्या इतिहासातली लांब पल्ल्याची पहिली ड्रायव्हर बाई, आणि रस्त्यातली पहिली मेकॅनिकही बाईच.

आपल्याकडे परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवायला लागल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचं इंजिन चालवायला लागल्या. नव्वदीच्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या बायका, त्यातल्या बऱ्याचशा दलित आणि निरक्षर, हातपंप उघडून दुरुस्त करायला शिकल्या. ज्या वस्तीत त्यांना पाण्याला हात लावू देत नव्हते, तिथे पंप बंद पडला की त्यांनाच बोलवायची वेळ आली. चळवळीत आपण ही उदाहरणं देतो, टाळ्या घेतो आणि आपली स्वतःची गाडी भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती गॅरेजला पाठवतो.

आता माझ्या गाडीकडे येते. २०१९ चा मे महिना. मे महिन्यातलं खानदेश म्हणजे काय ते मी काय सांगणार. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या खाली यायचं नाव घेत नाही. एका मैत्रिणीच्या पोटगीचं प्रकरण वर गेलं होतं, म्हणून औरंगाबादच्या खंडपीठात निघालो होतो. (आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, तेव्हा औरंगाबादच होतं.) चाळीसगाव सोडलं आणि कन्नडच्या घाटात गाडी रुसली. इंजिन ओरडतंय, काटा वर जातोय, पण गाडी पुढे सरकेना. चढावर कुणीतरी मागून धरून ठेवावी तशी. मागे ट्रकांची रांग. कशीबशी वर गेलो. परत आल्यावर बघते तर उभ्या गाडीत दांडा ‘डी’वर टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नसे, मग एकदम हिसका.

एका गॅरेजात नेली. मदतीला माझा भाचा बरोबर होता, वय एकोणीस, त्याला सायकलच्या पलीकडे काही येत नाही. मिस्त्री सगळं त्याच्याशी बोलले. "काय होतंय?" त्याला विचारलं. उत्तर मी दिलं. "कधीपासून?" पुन्हा त्यालाच. उत्तर पुन्हा मीच दिलं. शेवटी त्याला सांगितलं, "मावशींना सांग, बॉक्स गेला. सत्तर हजार धरून चला." बॉनेट उघडलं नव्हतं, तेलाचं गेज बाहेर काढलं नव्हतं. मावशी तीन फुटांवर उभी होती.

सत्तर हजार माझ्याकडे नव्हते. असते तरी मी विचारलं असतं, कशावरून? हा प्रश्न आपण डॉक्टरला विचारायला शिकलो, ‘गर्भाशय काढायला लागेल’ म्हणाला की. वकिलाला विचारायला शिकलो. मिस्त्रीलाही विचारता येतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचं गेज बाहेर ओढलं आणि पांढऱ्या कागदावर टिपलं. काळं, आणि वास जळका. ते म्हणाले, "ताई, या तेलाचा मूळ रंग लाल असतो, कुंकवाच्या पाण्यासारखा. हे बदलून बघू. पण सांगून ठेवतो, आतली झीज झाली असेल तर तेलानं भरून येणार नाही. कधी कधी नवं तेल घातल्यावर जुना बॉक्स आणखी घसरतो. तुमची तयारी असेल तर करू." मला हे बोलणं फार आवडलं. खर्च, शक्यता, धोका, तिन्ही समोर ठेवले आणि ठरवायचं माझ्यावर सोडलं. त्यांना म्हटलं, करू, पण हात माझे.

आता जरा आतलं समजून घेऊ. साध्या गिअरच्या गाडीत गिअरबॉक्समधलं तेल म्हणजे वंगण. बैलगाडीच्या आसाला लावतो त्याच कामाचं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल कामगार असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक बंद डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. त्यात समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. लोखंडाला लोखंड लागतच नाही, सगळा जोर तेलातून जातो. पुढे तेच तेल बारीक बारीक वाटांतून दाबानं जातं आणि आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरतं. कुठली चकती दाबायची त्यावर पहिला गिअर की दुसरा ते ठरतं. आणि आतली उष्णता बाहेर नेऊन थंड करून आणायचं कामही त्याचंच. घाट, ओझं, मे महिना असं सगळं एकत्र आलं की तेल तापतं. वारंवार तापलं की पातळ पडतं, काळं होतं, दाब धरत नाही. मग चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात. माझ्या गाडीचं हेच झालं होतं.

या तेलाची एक गोष्ट जाता जाता सांगते. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी मोठ्या संख्येनं पहिल्यांदा अमेरिकेत निघाली, १९३९ साली, जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबीलला. पुढे कितीतरी वर्षं या तेलात स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत असत, क्लच मऊपणे धरावेत म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली तेव्हा कंपन्यांची पळापळ झाली. मग दुसरी रसायनं सापडलीच. ‘याशिवाय चालतच नाही’ असं उद्योगधंदे म्हणतात तेव्हा ही गोष्ट आठवावी.

एक धोका आधीच सांगते. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या आतून एक नसतात. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणली. ती आतून साधी गिअरचीच पेटी असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र दाबतं. तिला हे लाल तेल लागतच नाही. सीव्हीटी म्हणून तिसरा प्रकार आहे, पट्ट्यावर चालणारा, आपल्या स्कूटरचा मोठा भाऊ. त्याचं तेल निराळं. दोन क्लचवाला चौथा प्रकार, त्याचं आणखी निराळं. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं तर गिअरबॉक्स खरोखरच जातो. म्हणून गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडायचं, त्यात तेलाचं जे नाव लिहिलंय तेच आणायचं. दुकानदार म्हणतो, "सगळ्यांना हेच चालतं", तर त्याला म्हणा, डब्यावर माझ्या पुस्तकातलं नाव दाखव.

काही गाड्यांच्या पुस्तकात हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असं लिहितात. कुणाच्या आयुष्यभरासाठी, गाडीच्या की वॉरंटीच्या? मी तर म्हणते, साठ-सत्तर हजार किलोमीटरला तेल बघावंच. घाट आणि ऊन जास्त असेल तर आधी.

आता काम. काकांनी सांगितलं आणि मी केलं, त्यानंतर दोनदा मी एकटीनं केलं, ते सांगते.

सपाट फरशीची जागा. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. पुढची बाजू जॅकनं उचलायची आणि लगेच दोन्हीकडे लोखंडी स्टँड लावायचे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. विटांच्या चळतीवर ठेवलेल्या गाडीखालीही नाही, विटा न सांगता फुटतात. हे मी तीनदा सांगणार आहे, हे पहिल्यांदा. अंगात जुना पंजाबी ड्रेस, ओढणी घरात, बांगड्या घरात, केस बांधलेले. साडी नेसूनही जमेल असं मी म्हणणार नाही. साडीचा अभिमान वेगळा, आणि पदर फिरत्या पट्ट्यात जाणं वेगळं.

गाडी आधी पाच-दहा मिनिटं चालवून तेल कोमट करायचं, म्हणजे ते नीट वाहतं. फार तापवायचं नाही, हात भाजतो. इंजिन बंद. खाली गिअरबॉक्सचं पसरट लोखंडी तबक दिसतं. पुस्तकात पॅन लिहितात, आपले मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. काहींना खाली बोल्ट असतो, तो काढला की तेल घमेल्यात येतं. बोल्ट नसेल तर चेंबरभोवतीचे बारीक बोल्ट सैल करायचे, पण सगळे एकदम काढायचे नाहीत. एका कोपऱ्याचे आधी काढा, समोरचे दोन-तीन आट्यांवर राहू द्या. चेंबर त्या कोपऱ्यात झुकतं आणि तेल एका धारेत पडतं. सगळे काढले की तेलासकट चेंबर तोंडावर.

निघालेलं तेल मोजून ठेवायचं. मी लिटरच्या बाटल्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या. साडेतीन लिटर निघालं. नवं नेमकं तेवढंच घालायचं असतं.

मग चेंबर काढून आत बघायचं. तळाला एक-दोन लोहचुंबक चिकटलेले असतात. त्यांच्यावर काजळासारखा करडा लेप असेल तर तो रोजच्या झिजेचा, त्याला घाबरायचं नाही. लोखंडाचे चमकते तुकडे, कपच्या असतील तर मात्र आतलं काही तुटलंय. तिथे थांबायचं आणि जाणकाराला दाखवायचं. माझ्या चुंबकांवर लेप जाड होता, कपच्या नव्हत्या. ते बघितलं आणि मला जरा हुशारी आली. सत्तर हजारांचा निर्णय या चुंबकाकडे बघून घ्यायचा असतो. गॅरेजात तो भाच्याकडे बघून घेतला होता.

वर फिल्टर दिसतो. तो ओढून काढायचा. त्याच्या नळीवर एक छोटी रबरी रिंग असते. ती कधी कधी वरच्या भोकातच चिकटून राहते. ती तिथेच राहिली आणि नवी रिंग तिच्यावर बसवली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. बोट घालून बघायचं. नव्या रिंगला तेलाचं बोट लावून नवा फिल्टर दाबून बसवायचा. काही गाड्यांत फिल्टर आत असतो, बॉक्स उघडल्याशिवाय हाती येत नाही. तिथे तेलावरच समाधान मानायचं.

गॅस्केट म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पॅकिंग. कुकरची रिंग रोज बघता ना, तीच वस्तू, वेगळ्या आकाराची. दोन धातूंमधली फट बुजवायची. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, हे कडक झालं की तेल गळतं. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचे. स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्यावर ओरखडा पडला की कायमची गळती. चेंबर घासलेटनं धुऊन पूर्ण कोरडं करायचं. पुसायला फडकं असं हवं की ज्याचा धागा निघणार नाही. आपल्या घरातली फडकी म्हणजे जुन्या लुगड्यांची, मऊ; पण त्यांचा एक धागा आत गेला तर एखादी बारीक वाट बुजते. पुस्तकात सांगितलं नसेल तर पॅकिंगला वरून चिकटद्रव्य लावायचं नाही.

बोल्ट आधी सगळे हातानं बसवायचे. मग समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करायचे. हे बोल्ट बारीक असतात, मनगटाचा जोर पुरतो. ताकद दाखवायला गेलं की चेंबरची कड वाकते, नाहीतर वरचे आटे जातात. काका म्हणाले होते, वर्कशॉपमध्ये नवी पोरं नेहमी इथेच जास्त जोर लावतात. त्यांनी टॉर्क पाना आणून दिला. तो विशिष्ट जोर झाला की ‘कट्’ असा आवाज करतो. मला हे हत्यार फार आवडलं. किती पुरे, ते सांगणारं.

मी गाडीखाली होते तेव्हा शेजारच्या आजी येऊन उभ्या राहिल्या. मला त्यांच्या फक्त टाचा दिसत होत्या. "काय व माय, गाडीना खाले काय करी ऱ्हायनी?" म्हटलं, तेल बदलतेय. थोड्या वेळानं त्यांनी वाकून विचारलं, "तुले कोन शिकाडं?" मी काकांचं नाव सांगितलं. त्या तिथेच ओट्यावर बसून राहिल्या, आणि मग त्यांनीच घमेलं सरकवून दिलं.

गाडी खाली उतरवायची, मगच तेल घालायचं. गेजच्या नळीत नरसाळं लावून हळूहळू. इंजिन चालू करायचं, पाय ब्रेकवर दाबून दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी दोन-चार सेकंद थांबवत फिरवायचा, म्हणजे तेल सगळ्या वाटांत जातं. परत ‘पी’वर आणून, पुस्तकात तसं सांगितलं असेल तर इंजिन चालू ठेवूनच गेज बघायचं. थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. कमी तेल जितकं वाईट तितकंच जास्तही. जास्त झालं तर फेस होतो. काही नव्या गाड्यांना गेजच नसतं, ठराविक उष्णतेला बाजूचा बोल्ट उघडून पातळी बघतात. तसली गाडी घरी करू नका. मग खाली कागद पसरून अर्धा तास ठेवायची, थेंब पडतो का बघायचं.

एवढं केलं तरी तेल पूर्ण बदलत नाही, कारण जवळजवळ निम्मं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. एकदा केलं तर निम्मं नवं, दुसऱ्यांदा केलं की पाऊण, तिसऱ्यांदा सत्त्याऐंशी टक्क्यांच्या घरात. मी काही हजार किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा केलं ते याचसाठी. पहिल्याच वेळी ‘डी’मधला उशीर गेला. घाटातली घसर कमी झाली, पूर्ण गेली नाही. दुसऱ्यांदा आणखी कमी झाली. लळिंगच्या घाटात आता ती त्रास देत नाही. कन्नडच्या घाटात मी आजही ओझं कमी ठेवते आणि दांडा खालच्या गिअरवर टाकते. गाडी अजून चालू आहे. फिल्टर, पॅकिंग, तेल मिळून खर्च काही हजारांचा. फिल्टर जळगावला मागवावा लागला, आठ दिवस लागले.

सकाळच्या कायद्याशी याचा संबंध काय, ते आता सांगते. आपल्याकडे येणाऱ्या प्रकरणांत स्कूटर किती वेळा येते बघा. बाईच्या बापानं घेऊन दिलेली, किंवा तिनं भिशीतून हप्ते भरलेली, पण आरसी पुस्तकावर नाव नवऱ्याचं. का? तर शोरूममध्ये तो पुढे उभा होता म्हणून. घराबाहेर पडताना ती मंगळसूत्र घेऊन निघते आणि गाडी मागे राहते. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून कामावर जायचं कसं इथपासून प्रश्न. २००५ च्या कायद्याच्या कलम १९(८) खाली स्त्रीधन आणि तिची इतर मालमत्ता परत द्यायचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. त्यात गाडी मागायची, बिल आणि हप्त्यांच्या पावत्या जोडून. पण आधीच नाव आपलं असेल तर भांडण अर्धं संपतं. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत जमीन बायकोच्या नावे करायला लावली. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला. जमिनीचा उतारा आपण वाचायला शिकलो, तसं आरसी पुस्तक वाचायला शिकू. आणि ज्या वस्तूवर नाव आपलं, तिच्या पोटात काय आहे ते ठाऊक असणं हाही मालकीचाच भाग आहे. नाहीतर नाव आपलं आणि सत्तर हजार की सात हजार ते ठरवणार दुसरा.

सगळ्यांनी गाडीखाली जावं असा माझा हट्ट नाही. ज्यांना वेळ नाही, आवड नाही, पाठ दुखते, त्यांनी गॅरेजला द्यावी. घरची सगळी कामं करून वर गाडीही बाईनंच दुरुस्त करावी, असं म्हटलं तर ते नवंच ओझं होईल. पण गेज काढून पांढऱ्या कागदावर टिपणं प्रत्येकीला यावं. त्याला दोन मिनिटं लागतात आणि बोलताना आपण सरळ मिस्त्रीच्या डोळ्यांत बघू शकतो.

राहिलं जुनं तेल. ते गटारात ओतायचं नाही, धुळ्याचं गटार म्हणजे पांझराच. काही घरांत जळकं तेल गुरांच्या खरजेला लावतात, चूल पेटवायला वापरतात. दोन्ही बंद करा. त्यात धातू आणि विषारी द्रव्यं असतात, कातडीतून आणि धुरातून ती अंगात जातात, आणि चुलीपुढे बसलेलं असतं ते माणूस कोण, हे मी सांगायला नको. झाकणाच्या डब्यात भरून, पाणी न मिसळता, वापरलेलं तेल घेणाऱ्या गॅरेजला किंवा परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्यायचं. तेलानं माखलेले हात घासलेटनं धुऊ नका. आधी खोबरेल, मग साबण.

माझी गाडी बाहेर निंबाखाली उभी आहे, स्टँड लावलेले आहेत, विटा लावलेल्या आहेत. आता जेवण आहे. तीन वाजता ज्यांना यायचंय त्यांनी जुने कपडे घालून या, आणि एकेकीनंच खाली जायचं, मी सांगितल्याशिवाय नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिथे सांगेन. स्कूटरवाल्यांनी आपापल्या स्कूटर शेजारी लावून ठेवा, मागच्या चाकाजवळचा तो बोल्ट कुठे असतो ते एकदा सगळ्यांनीच बघून घेऊ.